बुद्धिबळास कीर्तनकार हवा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या दोन्ही काठांवर जी माणसे लोटतात, त्यांस कोणी निमंत्रण धाडीत नाही. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवलेले, त्यावर झेंडा, एका काठास पांढुर्णा, दुसऱ्यास सावरगाव आणि मध्ये धोंड्यांचा पाऊस. शेकडो माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. मनाई हुकूम निघतात आणि त्याच धोंड्यांखाली गाडले जातात. या प्रथेची तरफदारी आम्ही करणार नाही. वकिलीच्या व्यवसायात राहून तर मुळीच नाही. परंतु परवा सौंसरला आमच्या मंडळींत एक सुशिक्षित गृहस्थ उद्गारले, "ज्यांना गोटमार पाहावयास हवी, त्यांना बुद्धिबळ काय कळणार? म्हणून तर त्या खेळाला पैसा नाही." हे ऐकून स्वस्थ बसणे आम्हांस जमले नाही.

हा सारा दोष गर्दीच्या माथी मारणे सोयीचे आहे, खरे नव्हे. गोटमारीत काय पाहावयाचे ते सात वर्षांच्या पोरासही तत्काळ कळते: आपला काठ कोणता, झाडापर्यंत कोण पोचला, झेंडा कोणाच्या हाती आला. बुद्धिबळाच्या पटावर यांपैकी काहीएक दुरून दिसत नाही. सहा खेळी पुढचे पाहून वजीर बळी देणारा खेळाडू आणि गाफीलपणे तो गमावून बसलेला खेळाडू, दोघेही प्रेक्षकास सारखेच दिसतात: मान खाली, हात कपाळास. न दिसणाऱ्या पराक्रमास टाळी कोण वाजवील?

पैशाचे अंतर केवढे आहे ते पाहा. 24 नोव्हेंबर 2024 रोजी जेद्दा येथील लिलावात ऋषभ पंत या क्रिकेटपटूस 27 कोटी रुपयांची बोली लागली. दुसऱ्याच दिवशी सिंगापुरात डी. गुकेश जगज्जेतेपदाच्या लढतीस बसला. 14 डाव झाले, 12 डिसेंबरला अठरा वर्षांचा हा मुलगा जगज्जेता झाला आणि त्याच्या वाट्यास सुमारे 11 कोटी आले. आमच्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख 28 जुलै 2025 रोजी बाटुमी येथे कोनेरू हम्पीस हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली, त्याचे पारितोषिक 50,000 डॉलर, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस लाख रुपये. महाराष्ट्र शासनाने तिला 3 कोटी दिले, हे योग्यच केले. पण त्या दोन आकड्यांचा अर्थ ध्यानी घ्यावा. मोठी रक्कम राजाश्रयाची आहे, प्रेक्षकाची नव्हे. आणि राजाश्रय विजेत्यास मिळतो, विजयापूर्वीची दहा वर्षे सोसणाऱ्या आईबापांस नाही.

आता आमच्या व्यवसायातील एक गोष्ट. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, सरकारची मिरास नव्हे, असा निर्णय दिला. त्यानंतर क्रिकेटच्या प्रक्षेपणाची बाजारपेठ फोफावली, ती इतकी की 2022 मध्ये एकट्या आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क 48,390 कोटींस विकले गेले. बुद्धिबळाचे काय झाले? 2016 साली न्यूयॉर्क येथील जगज्जेतेपदाच्या लढतीच्या वेळी संयोजक न्यायालयात गेले: आमच्या डावांतील खेळी इतरांनी तत्क्षणी प्रसिद्ध करू नयेत. न्यायालयाने मनाई देण्याचे नाकारले. खेळी ही घडलेली हकीकत आहे, तिजवर कोणाची मालकी नाही. निर्णय आमच्या मते बिनचूक आहे, पण त्यात या खेळाच्या दारिद्र्याचे मूळ आहे. क्रिकेटचा धावफलक म्हणजे क्रिकेट नव्हे. तो फुकट वाटला तरी मैदानावरचे दृश्य विकावयास उरते. बुद्धिबळाची नोंद म्हणजे मात्र सबंध डाव. वहीच्या एका पानावर तो उतरतो आणि ते पान साऱ्यांचे असते. ज्यास कुंपण घालता येत नाही, त्याचे तिकीट कसे लावणार?

येथे बुद्धिबळाचे अभिमानी म्हणतात, आमचा खेळ सात्त्विक आहे, त्यास गर्दी नकोच. हा सात्त्विकपणा आम्हांस मान्य नाही. तुम्हांस गर्दी नको असेल. पण आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या ज्या मुलीस नागपूरच्या स्पर्धेस जाण्यासाठी बापाकडे भाडे व प्रवेशशुल्क मागावे लागते आणि दहावी येताच पट माळ्यावर टाकावा लागतो, तिचे काय?

आणि मालकी नसलेल्या वस्तूवर माणसे जगत नाहीत, हेही खोटे. अभिमन्यूचे आख्यान कोणाच्या मालकीचे आहे? तो चक्रव्यूहातून परतणार नाही, हे मंडपातील प्रत्येकास ठाऊक असते; तरी रात्री अकरापर्यंत बायाबापड्या डोळे पुसत बसतात आणि बुवांस बिदागी मिळते. ती बिदागी कथेची नव्हे, कथनाची. पूर्वरंगातील वेदान्त कोणता सोपा असतो? बुवा तो उत्तररंगात माणसांच्या रूपाने उभा करतात. बुद्धिबळास हाच माणूस हवा आहे. 2020 च्या टाळेबंदीत हसतखेळत डाव समजावून सांगणारी मंडळी पडद्यावर येताच ज्यांनी जन्मात पट मांडला नव्हता ते तरुण तासन्‌तास पाहत बसले. तेथे खेळ बदलला नव्हता, सांगणारा मिळाला होता.

गोव्यात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात खुला विश्वचषक झाला. आमच्या कोकणी वाचकांनी आठवून पाहावे, आपल्या देवळाच्या सभामंडपात त्यातील एक तरी डाव कोणी सांगितला काय? आम्हीही काही निराळे नाही. आमच्या परिचयाच्या एका उत्सवमंडळाने कबड्डीस रोख बक्षीस ठेवले आणि बुद्धिबळाच्या विजेत्यास शाल दिली. ती स्पर्धाही मागच्या खोलीत, दार लावून, कारण "खेळाडूंना शांतता लागते". जामसावळीच्या मारुतीस आम्ही बलवंतांत श्रेष्ठ म्हणून नमस्कार करतो. बुद्धिमंतांतही तो श्रेष्ठ, हे दंगलीच्या वर्गणीच्या वेळी कोणास आठवत नाही. देवस्थानाच्या निधीस हात लावा, असे आम्ही म्हणत नाही, तो न्यासाच्या उद्देशांनी बांधलेला असतो. प्रश्न उत्सवाच्या वर्गणीचा आहे, आणि ती कशावर खर्चावी हे मंडळ दरवर्षी नव्याने ठरवितेच.

तेव्हा येत्या उत्सवात एक संध्याकाळ मागून घ्यावी. खेळाडू आतल्या खोलीत शांत बसोत, मंडपाच्या भिंतीवर मोठा पट लावावा, प्रत्येक खेळी त्यावर हलवावी आणि हत्ती कोठे अडला, उंटाने कोणती वाट धरली, प्यादे मरावयास का निघाले, हे गावच्या बोलीत सांगणारा एक माणूस उभा करावा. बक्षीस कबड्डीइतकेच, रोख. पटाचा खर्च आम्ही देतो. सांगणारा तेवढा मंडळाने शोधावा.