ईदचा रविवार



मिरजेहून जर्मनीतल्या आखेन शहरात शिकायला निघालो, तेव्हा अब्बांनी गजराचं घड्याळ दिलं आणि अम्मीने शेवया. या दोन्ही वस्तूंनी २०२५ च्या ईदला माझी चांगलीच फजिती केली.

पण आधी बेसिनची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात मी वजू करत होतो. कडी लावायला विसरलो होतो. एक पाय बेसिनमध्ये, दुसरा जमिनीवर, आणि दार उघडून माझा जर्मन रूममेट हजर! तो माझ्या पायाकडे बघतोय, मी त्याच्या टूथब्रशकडे. 'सॉरी' म्हणून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी आरशावर चिठ्ठी : 'कृपया जमिनीवर पाणी सांडू नये.'

मला वाटलं, याला माझी नमाज खुपतेय. मीही तोऱ्यात बोलणं बंद केलं. एकाच स्वयंपाकघरात दोघे आपापली भांडी घासायचो, पण मुक्यासारखे. फोनवर अम्मीला मात्र सांगायचो, "सगळे खूप चांगले आहेत हो इथे."

मग आली ईद. ३० मार्च, रविवार. अब्बांच्या घड्याळात सव्वासात वाजले होते. साडेआठची नमाज, म्हणून मी निवांत. सहज मोबाईल पाहिला तर सव्वाआठ! इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे सगळी घड्याळं एक तास पुढे जातात. मोबाईल आपोआप बदलला, अब्बांचं घड्याळ मिरजेच्या शिस्तीत राहिलं.

धावतपळत नमाज गाठली. परत येऊन शीरखुर्म्याची तयारी केली, तर दूध नाही! आणि रविवारी इथे दुकानं कायद्यानेच बंद. खजूर, बदाम, शेवया ओट्यावर मांडून मी अम्मीला फोन लावला. भारतात ईद दुसऱ्या दिवशी होती. अम्मी म्हणाली, "तुझी ईद, माझा रोजा. अरे, शेजारी दूध माग ना! आपल्याकडे नाही का मागत?"

शेजारी म्हणजे तोच चिठ्ठीवाला. पाच मिनिटं मी त्याच्या दारापुढे उभा होतो. शेवटी टकटक केली. त्याने एका शब्दाने काही न विचारता लिटरभर दूध हातात दिलं.

शीरखुर्मा खाताना मी धीर करून विचारलं, "माझ्या वजूचा तुला राग येतो का?" तो गोंधळला. म्हणाला, "वजू म्हणजे काय?" मग मला बाथरूममध्ये नेऊन जमीन दाखवली. शॉवरखेरीज पाणी वाहून जायला कुठे वाटच नाही! सांडलेलं पाणी खालच्या घराच्या छतात मुरायचं आणि बोलणी याला बसायची. "पाय शॉवरखाली धू की," तो म्हणाला, "मला काहीच हरकत नाही."

सहा महिने मी ज्याला द्वेष समजत होतो, ती नुसती ओल निघाली. परक्या देशात भेदभाव होतच नाही, असं मी म्हणणार नाही. पण विचारायच्या आधीच निकाल दिला, ही चूक माझी. आणि खरं सांगू? बाथरूम ओलं ठेवतो म्हणून अम्मीही घरी हेच ओरडायची. तिचं ओरडणं मला माया वाटायचं, त्याची चिठ्ठी अपमान.

आता आरशावर नवी चिठ्ठी आहे. त्याच्याच अक्षरात : 'पुढची ईद कधी? दूध आणून ठेवतो.'