भुते आणि मृतात्मे

लंडनच्या टॉवरइतकी भुते दुसऱ्या कोणत्याही वास्तूत नसतील, असे इंग्रज लोक थोड्या विनोदाने व बऱ्याच अभिमानाने सांगतात. 19 मे 1536 रोजी शिरच्छेद झालेली ॲन बोलीन राणी तेथे आपले मस्तक हाती घेऊन फिरते म्हणे. 1483 मध्ये नाहीसे झालेले दोन राजबालकही अधूनमधून दर्शन देतात. हॅम्पटन कोर्टच्या राजवाड्यात कॅथरिन हॉवर्ड ही राणी आक्रोश करीत धावते, म्हणून त्या दालनाला भुताटकीचे दालन हेच नाव पडले आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन यांनी सहकाऱ्यांसह तेथे पाहणी केली व 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विचित्र अनुभव ठरावीक जागीच अधिक येतात आणि त्यांचा संबंध तेथील प्रकाश, जागेचा आकार व चुंबकीय क्षेत्रातील चढउतार यांच्याशी दिसतो, असे त्यांना आढळले. ते असो.

मला अस्वस्थ करते ती टॉवरमधील निराळीच कथा. मार्गारेट पोल ही सदुसष्ट वर्षांची राजघराण्यातील वृद्धा. आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडले, त्याचा तिच्या पुत्राने, कार्डिनल रेजिनाल्ड पोल यांनी, उघड निषेध केला. पुत्र परदेशी सुरक्षित. मग राजाचा कोप मातेवर झाला. न्यायालयात चौकशी न होता 1539 मध्ये पार्लमेंटच्या ठरावानेच ती दोषी ठरली व 27 मे 1541 रोजी तिचा वध झाला. भुताची कथा सांगते की, ती किंचाळत वधस्तंभाभोवती पळत होती, मारेकरी कुऱ्हाड घेऊन मागे धावत होता, आणि वधाच्या तिथीस तो प्रकार आजही घडतो.

त्या काळच्या सम्राटाच्या वकिलाचे पत्र मात्र वेगळे सांगते. आपला अपराध कोणता हे तिला कळले नव्हते. तरी ती चालत गेली, आपला आत्मा परमेश्वराच्या स्वाधीन केला आणि उपस्थितांना राजाराणीसाठीसुद्धा प्रार्थना करण्यास विनविले. मारेकरी अननुभवी होता, त्याने तिचे हाल केले, हे खरे. तेराव्या लिओ पोपमहाशयांनी 1886 मध्ये तिला धन्य घोषित केले. भुताच्या कथेने तिची प्रार्थना वगळली आणि किंकाळी तेवढी ठेवली! टॉवरच्या आवारातील ज्या छोट्या देवालयात तिला पुरले, तेथेच संत जॉन फिशर व संत थॉमस मोर यांचेही देह विसावले आहेत. पण बिनशिराच्या राणीची चौकशी करणारे पुष्कळ, त्यांची करणारे थोडे.

जुन्या इंग्लंडातील भुते अशी निरुद्योगी नव्हती. यॉर्कशायरमधील बायलंडच्या मठात 1400 च्या सुमारास एका मठवासीयाने हस्तलिखिताच्या कोऱ्या पानांवर त्या परिसरातील भुतांच्या बारा गोष्टी लिहून ठेवल्या. 1922 मध्ये एम. आर. जेम्स यांनी त्या छापल्या. त्यांतील बरेच मृत काहीतरी मागण्यासाठी येतात: क्षमा, मिस्सा, चोरलेल्या वस्तूची परतफेड. पुढे 1547 मध्ये मृतांसाठी मिस्सा करण्याच्या देणग्या कायद्याने जप्त झाल्या, शुद्धिस्थानाची शिकवण इंग्लंडच्या राजमान्य चर्चने नाकारली. भुते राहिली, त्यांनी मागावे काय आणि कोणी द्यावे काय, हे मात्र उरले नाही. हा माझा तर्क आहे. पण नोव्हेंबर महिन्यात मृतांच्या नावांची यादी घेऊन येणाऱ्या आपल्या आजीबाईंना तो पटेल असे वाटते. पिंपळाखालच्या भुताला आपणही भितो. पण त्याच्यासाठी मिस्सा सांगण्याचे आपल्यापैकी कितीजणांना सुचते?

बायलंडच्या त्या गोष्टींत स्नोबॉल नावाचा शिंपी आहे. रात्री घोड्यावरून घरी परतताना एक आत्मा त्याला आडवा येतो. तो बहिष्कृत होऊन मेलेला. क्षमापत्र आणि 180 मिस्सा, एवढीच त्याची मागणी. शिंपी यॉर्कला जातो, खटपटीने क्षमापत्र मिळवितो, मिस्सांची व्यवस्था करतो आणि ते पत्र त्या माणसाच्या थडग्यात पुरून येतो. नंतर ठरल्याप्रमाणे भेट होते, तेव्हा आत्मा त्याला सांगतो की, येत्या सोमवारी आपण आणखी तीस आत्म्यांसह चिरंतन आनंदात प्रवेश करणार आहोत.