पृष्ठभागाची नोंद नसलेले प्रबंध

पदार्थाचे रासायनिक सूत्र आणि स्फटिकरचना कळली की त्याचे गुणधर्मही कळले, हा पदव्युत्तर शिक्षणात सहज रुजणारा समज पेरोव्स्काइट ऑक्साइडांच्या बाबतीत टिकत नाही. कारण वायूसंवेदक, उत्प्रेरक किंवा पातळ थरांची उपकरणे यांत पदार्थाचा बाहेरच्या जगाशी संबंध त्याच्या पृष्ठभागातूनच येतो आणि तेथील रचना आतल्या रचनेहून वेगळी असते.

गुस्ताव रोझ यांनी 1839 मध्ये उरल पर्वतातील कॅल्शियम टायटनेट या खनिजाला पेरोव्स्काइट हे नाव दिले आणि पुढे तशाच रचनेच्या सर्व संयुगांना ते लागू झाले. त्यांपैकी स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या घनाकृती स्फटिकात स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा असे थर आळीपाळीने रचलेले असतात, आणि थरांची अशी एक जोडी सुमारे 0.39 नॅनोमीटर उंच असते. स्फटिक कापला की यांपैकी कोणता तरी एक थर उघडा पडतो. आत सहा ऑक्सिजन अणूंनी वेढलेल्या टायटॅनियमला तेथे पाचच शेजारी उरतात, म्हणून अणू जागा बदलतात, काही ऑक्सिजन निघून जातो आणि कधी संपूर्ण थर नव्या मांडणीत बसतो. या बदलास पृष्ठीय पुनर्रचना म्हणतात. कडब्याच्या गंजीचा बाहेरचा थर ऊनपावसाने पालटतो आणि आतला तसाच राहतो, त्याप्रमाणे सूत्र एकच असले तरी बाहेरचा आणि आतला पदार्थ एक राहत नाही.

या फरकाचे परिणाम किती मोठे असू शकतात, हे गेल्या तीन दशकांत दिसून आले आहे. मासाशी कावासाकी आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये आम्लप्रक्रियेने केवळ टायटॅनियम डायऑक्साइडचा थर वर राहील असा पृष्ठभाग मिळवला. अशा पृष्ठभागावर लँथॅनम अ‍ॅल्युमिनेट वाढवले असता, दोन्ही पदार्थ विद्युतरोधक असूनही त्यांच्या सीमेवर वीज वाहते, हे ओहतोमो आणि ह्वांग यांनी 2004 मध्ये दाखवले; मात्र खाली स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा थर असेल तर ती सीमा रोधकच राहते. पुढे 2006 मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे असे आढळले, की लँथॅनम अ‍ॅल्युमिनेटची तीन एकक-थरांची जाडी रोधक असते आणि चौथा थर चढताच वहन सुरू होते.

रासायनिक क्रियाही पृष्ठभागाच्या दिशेवर अवलंबून असते. अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या कणांच्या एका प्रकारच्या पैलूंवर हायड्रोजनचे आणि दुसऱ्या प्रकारच्या पैलूंवर ऑक्सिजनचे उत्प्रेरक बसवून जपानमधील संशोधकांनी 2020 मध्ये 350 ते 360 नॅनोमीटर तरंगलांबीचा जवळपास प्रत्येक शोषलेला प्रकाशकण पाण्याच्या विघटनासाठी वापरात आणला. हा प्रकाश अतिनील असून सूर्यप्रकाशात त्याचा वाटा अल्प असतो. त्यामुळे भरपूर ऊन आणि अपुरे पाणी असलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्यासाठी हे लगेच वापरता येणारे तंत्र नाही, पण पृष्ठभागाच्या घडणीतून काय साधता येते, याचा तो पुरावा आहे.

महाराष्ट्रात या क्षेत्राची परंपरा आहे. पुण्यातील सतीशचंद्र ओगले यांनी ऑक्साइडांच्या पातळ थरांवर दीर्घकाळ काम केले आहे. तरीही सामान्य प्रयोगशाळेत पदार्थाची ओळख बहुधा क्ष-किरण विवर्तनावर थांबते आणि ही पद्धत पृष्ठभागाखालच्या अनेक थरांची सरासरी सांगते. वरच्या काही नॅनोमीटरांची रासायनिक माहिती क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन पद्धत देते, तर अणुबल सूक्ष्मदर्शकात पायऱ्यांची उंची 0.39 नॅनोमीटरच्या निम्मी दिसली, तर दोन्ही थर मिसळून उघडे पडल्याचे कळते. ही साधने प्रत्येक महाविद्यालयाने घ्यावीत, अशी अपेक्षा अवास्तव आहे. परंतु इंदूर येथील सिंक्रोट्रॉनसारख्या सामायिक सुविधा विद्यापीठांच्या संशोधकांसाठी उपलब्ध आहेत. मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरापासून गावोगावच्या महाविद्यालयांपर्यंत, संवेदक किंवा उत्प्रेरक म्हणून पेरोव्स्काइट तपासणाऱ्या प्रत्येक प्रबंधात वरचा थर कोणता आणि तो कसा ओळखला, याची नोंद विद्यापीठाने अनिवार्य करावी, कारण तिच्याअभावी एका नमुन्याचा निष्कर्ष दुसऱ्या नमुन्यावर पडताळून पाहणे अशक्य होते.