नवी किडनी आणि दुपारची साखर

पोलादपूरहून एका बहिणीचं पत्र आलं आहे. धाकट्या भावाला आईची किडनी बसवून चार महिने झाले. डायलिसिसवर असताना त्याला साखर नव्हती, आता जेवणानंतर २४० आली. ‘गोड बंद केलं, भात कमी केला. शेजारी म्हणतात, एवढ्या गोळ्यांची गरमी आहे, एखादी कमी करा. करू का?’

नाही, बाजी. एकही गोळी स्वतःहून कमी करू नका. किडनी गेली तर भाऊ पुन्हा डायलिसिसवर येईल. साखरेवर मात्र इलाज आहे.

शेजाऱ्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. आपलं शरीर परक्या किडनीवर हल्ला करतं. तो थोपवायला टॅक्रोलिमस देतात. त्सुकुबा या जपानी गावच्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ मध्ये मिळालेलं हे औषध. हल्ला करणाऱ्या पेशींना जागं करणारं एक प्रथिन ते बंद पाडतं. पण इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशींनाही तेच प्रथिन लागतं, म्हणून इन्सुलिन कमी पडतं. सोबतची स्टेरॉइडची गोळी, म्हणजे प्रेडनिसोलोन, यकृतातून साखर जास्त सोडायला लावते आणि स्नायूंना ती नीट घेऊ देत नाही. त्यात आजारी किडनीत इन्सुलिन रेंगाळत होतं. नवी किडनी ते झटपट निकालात काढते. भूकही परत आलेली असते. किडनी बसवलेल्यांपैकी १० ते ३० टक्क्यांना असा मधुमेह होतो. भावाने चोरून शिरखुर्मा खाल्ला असेल, असा संशय घरात कुणी घेऊ नये.

महाडच्या लॅबमध्ये आपण उपाशीपोटी रक्त देतो आणि रिपोर्ट चांगला आला की निश्चिंत होतो. इथेच फसगत होते. स्टेरॉइड सकाळी घेतलं की साखर दुपारी-संध्याकाळी चढते, पहाटेपर्यंत उतरते. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा आणि वहीत लिहा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणीही सुरुवातीला, रक्त कमी असताना, फसवी असते. ही वही पाहून डॉक्टर स्टेरॉइड कमी करतील, औषध बदलतील किंवा काही काळ इन्सुलिन देतील. इन्सुलिन लागलं म्हणजे ते कायमचंच, असं नाही.

परसातलं पपनस मात्र बंद. ते टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढवतं.

रमजानबद्दलही विचारलं आहे. ही गोळी बहुधा बारा-बारा तासांनी असते आणि आपल्याकडे रोजा त्याहून मोठा होतो. पहिल्या वर्षात रोजे नकोतच. पुढे डॉक्टरांना विचारून. आजाऱ्याला सवलत खुद्द कुरआनने दिली आहे, ती घ्यायला संकोच कसला?

तपासणीला पहाटेच्या एसटीने मुंबईला निघाल तेव्हा सकाळची टॅक्रोलिमस घरी देऊ नका, सोबत घ्या. औषधाचं प्रमाण मोजायचं रक्त गोळीच्या आधी काढतात. आणि पावसाळ्याआधी महिनाभराच्या गोळ्या घट्ट डब्यात, उंचावर ठेवा. जुलै २०२१ मध्ये महाडची बाजारपेठ पाण्यात होती, तेव्हा औषधाचं दुकान शोधणार कुठे?