पगार कागदात, संसार रोकड्यात

सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला की त्याची झळ शेवटी कुणाच्या चुलीपर्यंत पोचते? अर्जेंटिनाचा अनुभव या दृष्टीने आपण समजून घ्यायला हवा.

तिथे १९९१ च्या कायद्याने एक पेसो म्हणजे एक डॉलर असे ठरले. हवे तेवढे पेसो छापण्याची सोय उरली नाही. पुढे मंदी आली, कर्जे मिळेनाशी झाली आणि प्रांतांकडे पगाराला पैसे राहिले नाहीत. तेव्हा २००१ साली ब्वेनोस आयरेस प्रांताने ‘पाताकोन’ नावाच्या स्वतःच्या नोटा काढल्या. कोर्दोबाने ‘लेकोर’, चाकोने ‘केब्राचो’. नावाला हे कर्जरोखे, पण शिक्षिका, नर्स, कारकून यांच्या हातात ते पगार म्हणून पडले. कर भरायला ते चालत, मोठी दुकानेही घेत. पण बऱ्याच नोटा प्रांताबाहेर चालत नसत आणि काही ठिकाणी शंभराच्या नोटेला शंभराचा माल मिळत नसे. ही तूट कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. नोट कोण घेईल, किती कापून घेईल, हे दारोदार शोधण्याचे काम घर चालवणारीकडेच येते.

काहीजणी म्हणतील, पगारच नसण्यापेक्षा हे बरे. खरे आहे. कोरिएन्तेस प्रांतात १९९९ मध्ये शिक्षकांचे पगार महिनोन्‌महिने थकले. डिसेंबरात पुलावरचे आंदोलन मोडताना दोघांचा जीव गेला. २००३ मध्ये केंद्र सरकारने पेसो देऊन या नोटा परत घेतल्या, हेही नोंदवायला हवे. पण जिने गरजेपोटी आधीच कमी भावात नोट मोडली, तिला त्याचा काय उपयोग?

बचत गटांबरोबर काम करताना २०१६ ची नोटबंदी मी पाहिली. कारण वेगळे होते, पण डब्यात जपलेली पाचशेची नोट घेऊन फिरणारी बाई मला आठवते. समोरचा घेतो तोच पैसा, हे तिला कुणी शिकवावे लागले नाही.

२०२४ मध्ये ला रिओहा प्रांताने पुन्हा ‘चाचो’ नोटा काढल्या. प्रश्न जुना झालेला नाही. म्हणून वेतनाची लढाई रकमेपाशी थांबू नये. पगार कशात मिळणार, भाड्याला आणि औषधाला तो पुऱ्या किमतीत चालणार का, हे संघटनांनी विचारले पाहिजे. आणि विचारणाऱ्यांत बायका पुढे असल्या पाहिजेत, कारण हिशोब त्यांनाच जुळवायचा असतो.