तारणाचे प्रश्न आणि मंडळीचे मौन

कर्जापायी ज्याने आत्महत्या केली, त्या शेतकऱ्याला तारण आहे का? सेलू, पाथरी, मानवतच्या कापूसपट्ट्यात हा प्रश्न उंबऱ्याच्या आतला आहे. विश्वासणाऱ्या कुटुंबातली बाई तो पाळकांना विचारते, किंवा धीर होत नाही म्हणून पोटात ठेवते. विचारलाच, तर अनेकदा दोनपैकी एक उत्तर मिळते. असल्या गोष्टींत शिरू नका, प्रार्थना करा, हे एक. थेट नरकाचा निवाडा, हे दुसरे. पहिल्याने ती एकटी पडते, दुसऱ्याने खचते. तारण, सार्वकालिक जीवन आणि साक्ष यांविषयीचे साधे प्रश्न आपल्या लहान मंडळ्यांमध्ये असेच पडून आहेत, आणि त्या रिकाम्या जागेत भीती आणि लोभ शिरले आहेत. आज हे थांबवले नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती ख्रिस्त लागणार नाही, फक्त धाक लागेल.

त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर आहे. आत्महत्या हे क्षमा न होणारे पाप आहे, असे पवित्र शास्त्रात कुठेही म्हटलेले नाही. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात येशूने ज्या अक्षम्य पापाचा उल्लेख केला, ते पवित्र आत्म्याच्या निंदेचे आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल देवाच्या प्रीतीपासून आपल्याला कशाकशाने वेगळे करता येणार नाही हे मोजत जातो, आणि त्याची पहिली नोंदच मरणाची आहे. पूर्वी अनेक देशांत चर्चने अशा मृतांना पवित्र दफनभूमी नाकारली, हे खरे. पण कॅथॉलिक चर्चचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ स्पष्टपणे सांगतो की, तीव्र मानसिक यातनेत माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आशा सोडू नये. कर्ज, नापिकी आणि अपमान यांनी पिचलेल्या मनाला देव माणसांपेक्षा चांगले ओळखतो. हे त्या बाईला मोठ्याने, सर्वांसमोर सांगा, कारण तिला दोष देणारेही सर्वांसमोरच बोललेले असतात. आणि त्याच उपासनेत जिवंत माणसांनाही सांगा की प्रत्येक जीव देवाचा आहे, तो टाकायचा नाही. मन अंधारले असेल तर पाळकांजवळ बोलावे, डॉक्टरांकडे जावे, सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. यात विश्वासाची कमतरता नाही.

मंडळी गप्प राहिली म्हणून प्रश्न गप्प राहत नाहीत. ते मोबाइलवर जातात. तिथे जगाच्या अंताची तारीख सांगणारे भेटतात, अमुक रक्कम 'पेरा' म्हणजे शंभरपट मिळेल असे सांगणारे भेटतात, आणि आजार बरा झाला नाही तर तुमचा विश्वास कमी पडला म्हणणारेही भेटतात. अमेरिकेतले हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली, देशोदेशी फलक लागले, लोकांनी नोकऱ्या सोडल्या. तो दिवस इतर दिवसांसारखा मावळला. जगाच्या अंताच्या दिवसाविषयी पित्याशिवाय कोणालाच माहीत नाही, हे खुद्द येशूचे म्हणणे मार्काच्या तेराव्या अध्यायात आहे. शब्बाथशाळेत एवढे शिकवले असते, तरी पुष्कळ मुले घाबरण्यापासून वाचली असती.

आपल्या भाषेतल्या ख्रिस्ती परंपरेला प्रश्नांची भीती कधीच नव्हती. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद गर्दीसमोर झाले. एकमेकांचे कठोर आक्षेप ऐकून घेतले गेले, उत्तरे दिली गेली, आणि मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी ते वाद पुस्तकरूपाने छापले. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकानेही विरोधकांशी जाहीर वाद घातले. परक्यांचे प्रश्न ऐकायला जी परंपरा वाळूत उभी राहिली, तिने आपल्याच लेकरांना गप्प करावे?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर प्रत्येक पाळकाने जवळ ठेवावे. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्रैक्य, चर्चचा अधिकार, कर्मकांड यांवर त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून जोरदार वाद घातला. काहींना तो उद्धटपणा वाटला. पण रमाबाईंची स्वतःची साक्ष अशी की, बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांना तारणाची खात्री पटली. तोवर त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ज्या स्त्रीने पुढे केडगावला मुक्तिसदन उभे केले आणि मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, तिला कोणी पहिल्याच वर्षी गप्प केले असते, तर? नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, हेही १८४८ च्या बाप्तिस्म्यानंतर आयुष्यभर शंकांशी झगडले, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या शंकेचा त्यांना मान होता.

'तारण कर्मांनी की कृपेने' या प्रश्नावर आपली लेकरे अजून गोंधळलेली दिसतात, आणि कॅथॉलिक-प्रॉटेस्टंट भांडणाची जुनी वाक्ये त्यांच्या तोंडी आहेत. त्यांना सांगा की ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लुथरन आणि कॅथॉलिक चर्चनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: माणूस कृपेनेच नीतिमान ठरतो, आणि सत्कर्मे ही त्या कृपेची फळे आहेत. मेथडिस्टांनी २००६ मध्ये त्याला संमती दिली. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय आणि याकोबाचे पत्र शेजारी ठेवून वाचले, तर घरातही हा प्रश्न उलगडतो.

याहून अवघड प्रश्न पूर्वजांचा आहे. याच परभणी जिल्ह्यातले गंगाखेड जनाबाईंचे, शेजारच्या हिंगोलीतले नर्सी नामदेवांचे. सेलूतल्या ख्रिस्ती मुलाच्या बाकावर शेजारी बसणारा मुलगा वारकरी घरातला असतो, आणि त्या ख्रिस्ती मुलाचे स्वतःचे पणजोबाही येशूचे नाव न ऐकता गेलेले असतात. ते सगळे नरकात का? यावर चर्चमध्ये एकमत नाही, आणि हे लपवू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले की, ज्यांना आपल्या दोषाशिवाय सुवार्ता कळली नाही पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते. अनेक प्रॉटेस्टंट इतके पुढे जात नाहीत. पण सर्वांच्या बायबलमध्ये सर्व पृथ्वीचा न्यायाधीश न्यायच करील ना, हा अब्राहामाचा प्रश्न आहे, आणि ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्या अंतःकरणात ते लिहिलेले आहे, हे पौलाचे म्हणणेही आहे. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे मानणारे नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊनही तो पूल तोडायला तयार नव्हते. कोणाच्या पणजोबांचा निवाडा करण्याचे काम आपल्याला दिलेले नाही, असे मुलाला सांगायला पाळकांनी कचरू नये.

बाप्तिस्म्याचा प्रश्न आणखी दबक्या आवाजात येतो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शीख दलितांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या प्रकरणात ख्रिस्ती श्रद्धा पाळणाऱ्या महिलेचा असा दावा फेटाळला. म्हणून तरुण विचारतो, पाण्यात उतरलो नाही तर तारण नाही का? येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराला बाप्तिस्म्याविना सुखलोकाचे वचन मिळाले, हे खरे आहे. पण कागदावर एक आणि रविवारी दुसरे असे जगण्याचे ओझे मोठे आहे, हेही त्याला खरेखरे सांगावे लागेल. दर्जा नाकारण्याचा हा अन्याय दूर करण्यासाठी सनदशीर लढणे हे मंडळीचे काम आहे. त्या तरुणाला भित्रा ठरवून ते होणार नाही.

आता साक्षीविषयी. संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्माचा प्रचार करण्याचा अधिकार दिला आहे; १९७७ मध्ये रेव्ह. स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. आमिष, दबाव, चमत्काराची जाहिरात यांना कायदा तर थारा देत नाहीच, पण त्याआधी सुवार्ताच थारा देत नाही. साप-विंचू चावलेल्याला उपचारांपासून अडवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. रोग्याची औषधे बंद करायला सांगणारा कोणीही आपल्या प्रार्थनासभेत उभा राहता कामा नये, मग तो कितीही नावाजलेला असो. पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध राहा असे सांगितले आहे, आणि ते सौम्यतेने व आदराने. तिथे आधी कोणीतरी विचारतो, मग आपण बोलतो. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, तिथेही लोकांनी आधी शेजारधर्म पाहिला.

म्हणून सेलू, परतूर, जालना, परभणी या एकाच रेल्वेमार्गावरच्या मंडळ्यांना आमची विनंती आहे. येत्या रविवारपासून उपासनेनंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवा. बायकांना आणि मुलांना नाव न लिहिता चिठ्ठी टाकता यावी. पाळकांना उत्तर ठाऊक नसेल, तर त्यांनी तसे सांगावे, शेजारच्या मंडळीतल्या पाळकांना विचारावे आणि पुढच्या रविवारी उत्तर आणावे. कॅथॉलिक फादरांनाही विचारायला हरकत नाही. आत्महत्येने माणूस गेलेल्या घरी वडीलधाऱ्यांनी आधी जावे, मग त्याविषयी प्रवचन करावे. आणि प्रश्नांच्या त्या अर्ध्या तासात दानाची पिशवी फिरवू नये.