आयदर ऑर सर्व्हायव्हर

माझा उजवा कान पाचव्या वर्षी गालगुंडात गेला. तेव्हापासून त्याच्याकडे चष्म्याची काडी सांभाळण्याचे एवढे एकच काम आहे. बँकेत त्याचा फायदाच होतो; तक्रार घेऊन आलेला खातेदार मी उजव्या बाजूने ऐकतो. सरकारदरबारी तर मी बहिरा नाहीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याला बहिरेपण दोन्ही कानांत लागते, तेही डेसिबलने मोजून. पण माझी तक्रार कायद्याविरुद्ध नाही, हेडफोनविरुद्ध आहे.

मला ध्वनिमुद्रणाचा नाद आहे. (श्लेष आपोआप झाला, क्षमस्व.) एका कानाच्या माणसाने हे धंदे करावेत का, असे विचारणाऱ्यांना मी अमेरिकेतल्या 'बीच बॉईज'चा ब्रायन विल्सन दाखवतो. तो उजव्या कानाने जवळजवळ बहिरा. स्टीरिओच्या तबकड्या बाजारात येऊन आठ वर्षे झाली होती, तरी १९६६ साली त्याने 'पेट साउंड्स' मोनोत केला आणि जगाने तो डोक्यावर घेतला.

चार वर्षांपूर्वी मी गावी आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करायला गेलो. एक माइक जात्यापाशी, तो डावीकडे. दुसरा आत्याच्या पदराला, तो उजवीकडे. हेडफोन चढवला. डाव्या कानात जाते झकास घरघरत होते, त्यामागून आत्याचा आवाजही पुसटसा येत होता. उजव्या बाजूचा मीटर टणाटण उड्या मारत होता. मी खूश! घरी येऊन स्पीकरवर लावले, तर उजवीकडे सैल वायरीची खरखर, सलग चाळीस मिनिटे. मीटरला काय, खरखर आणि ओवी सारखीच. ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर, असे समजणाऱ्या नवशिक्या कारकुनासारखी माझी गत झाली. दिवाळीनंतर पुन्हा जायचे ठरले होते. आत्या मार्गशीर्षात गेली.

आता तुम्ही म्हणाल, कान तुझा फुटका, हेडफोनला कशाला बोल लावतोस? तर ऐका. दोघांनी मिळून खाते उघडले की आम्ही विचारतो, व्यवहार कसा, 'जॉइंटली' की 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'? देवाने दोन कान आयदर ऑर सर्व्हायव्हर तत्त्वावर दिले. हेडफोनवाल्यांनी परस्पर 'जॉइंटली'चा शिक्का मारला. एक खातेदार वारला की अर्धी रक्कम बुडाली! बरे, मी मागतो काय? एक बटण. दोन्ही बाजूंची बेरीज करून ती दोन्ही कानांत सारखी देणारे. आणि शेजारी आणखी दोन: नुसते डावे, नुसते उजवे, पण ऐकू येणाऱ्या कानात. कारण बेरीजही फसवते. एका माइकची वायर उलटी जोडली गेली, तर दोन्हींतला सारखा आवाज एकमेकाला खाऊन टाकतो. जमा तेवढेच नावे, शिल्लक शून्य.

महागड्या यंत्रांत ही सोय असते. मोबाइलमध्येसुद्धा 'ऍक्सेसिबिलिटी'च्या कप्प्यात मोनो ठेवलेले आहे. म्हणजे गाणे ऐकणाऱ्याची काळजी घेतली; ते राखून ठेवू बघणाऱ्या गरीब कारकुनाने खिसा तरी मोठा करावा, नाहीतर कान नवा आणावा! माझ्या ऐपतीतल्या यंत्राची चौकशी करायला दुकानात गेलो, तर तिथला पोरगा हसून म्हणाला, "काका, मोनो आता कोण घेतं? हे बघा, साउंड कसा डोक्याभोवती फिरतो!"

"बाबा रे," मी म्हटलं, "माझ्याकडे तो अर्ध्या वाटेत उतरतो."

त्याला काही कळलं नाही. त्याने मला आणखी महागाचा हेडफोन दाखवला.

तूर्त माझा इलाज फुकटचा आहे. दर पाच मिनिटांनी हेडफोन काढायचा, उलटा घालायचा, उजवी बाजू डाव्या कानाने तपासायची, पुन्हा सुलटा. परवा सोसायटीच्या गणपतीत मुलांचे नाटक चालू असताना मागच्या बाईंनी आमच्या हिला विचारलं, "ह्यांना ते डोक्याला घट्ट होतंय का हो?"

ही म्हणाली, "नाही, ऑडिट चाललंय."